भूत जमलं, बळी जमला नाही

शनिवारवाडा पाहायला गेलेल्या माणसाला नारायणराव पेशव्याची हाक कोणी ना कोणी ऐकवतंच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी त्याला कापलं. ‘काका, मला वाचवा’ एवढ्यावर ती दंतकथा आजवर तगली. ज्या काकाला ही हाक होती, तो राघोबा पुढे कोपरगावी राहिला आणि १७८३ मध्ये याच परिसरात वारला. त्याच्या भुताची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. इथेच गोदाकाठी, बेटात शुक्राचार्यांचं मंदिर आहे. त्यांच्याकडे संजीवनी शिकायला आलेल्या कचाची कथा तर उघड भयकथा आहे. असुर त्याला पुन्हा पुन्हा मारतात. शेवटी जाळून त्याची राख मद्यात कालवतात आणि गुरूलाच पाजतात. या दोन्ही गोष्टी अंगावर येतात, कारण मरणारा कोण हे आपल्याला ठाऊक असतं. नारायणरावाला हाक आहे. कचामागे विद्येची ओढ आहे आणि त्याच्यासाठी बापापाशी हट्ट धरून बसलेली शुक्राचार्यांची मुलगी देवयानी आहे.

मराठी भयपट इथेच कमी पडतो. वाडा, विहीर, सावली, पार्श्वसंगीत हे सगळं त्याने कमावलं. मरायला आणलेली माणसं मात्र बहुधा शहरातून येतात, गाडीतून उतरतात आणि किंचाळतात. ती पोटापाण्यासाठी काय करतात, याच्याशी भुताला देणंघेणं नसतं.

अपवाद आहेत, आणि तेच लक्षात राहिले. विशाल फुरियाच्या ‘लपाछपी’त (२०१७) सावकारांच्या भीतीने नवऱ्यासोबत लपायला आलेली गरोदर नेहा उसातल्या एकाकी घरात अडकते. कोपरगावच्या माणसाला ऊस नवा नाही. उभ्या उसात शिरलं की चार हातांपलीकडचं दिसत नाही, पाचट सळसळतं, पात्याने हात चिरतात. फुरियाने हे रान चकव्यासारखं वापरलं. पण खरी भीती नेहाच्या पोटातल्या जिवाची आहे आणि ती थेट स्त्रीभ्रूणहत्येपर्यंत जाऊन भिडते. आदित्य सरपोतदारच्या ‘झोंबिवली’त (२०२२) सोसायटी आणि वस्ती यांच्यातलं पाण्याचं राजकारण आहे, म्हणून तिथला झोंबीही डोंबिवलीचाच वाटतो. महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’त (१९९३) तर लक्ष्याचा धंदाच बोलक्या बाहुल्यांचा. बाहुला आपणहून बोलतो, हे बाहुल्यांना बोलवणाऱ्याने सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? चित्रपट विनोदी असला, तरी कलावंताचा पेशा भयाच्या गाभ्याशी ठेवणारा तो आपल्याकडचा दुर्मीळ नमुना आहे.

अमेरिकेत रॉब झॉम्बीच्या ‘द डेव्हिल्स रिजेक्ट्स’मध्ये (२००५) ‘बँजो अँड सलिव्हन’ हा काल्पनिक कंट्री बँड रस्त्याकडेच्या मोटेलात खुनी कुटुंबाच्या तावडीत सापडतो. या बँडचा, जणू १९७०च्या दशकातल्या गाण्यांचा संग्रह वाटावा असा, अख्खा अल्बम त्याच वर्षी बाजारात आला. गाणी टेक्ससच्या जेसी डेटनची. थोड्या वेळात मरणाऱ्या माणसांना गाणी आणि नावलौकिक देण्याची ही मेहनत मोलाची. मात्र बँडमधल्या बायकांची विटंबना त्यात इतकी लांबवली आहे की दिग्दर्शकाला खुन्यांचीच भुरळ पडल्याची शंका येते. मेहनत घ्यावी, ती भुरळ घेऊ नये.

आपल्याकडे असा फिरता कलावंत म्हणजे तमाशाचा फड. कोपरगावशेजारचं संगमनेर हे तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांचं गाव. हंगाम सुरू झाला की फड ट्रकमध्ये सामान घालून जत्रेमागून जत्रा करतो. रात्रभर गण-गवळण, बतावणी, वग. पहाटे कनाती सोडायच्या आणि अनोळखी वाटेने पुढची सुपारी गाठायची. पोरंबाळं, म्हातारे वादक सगळे त्याच ट्रकवर. गावाला यांचा खेळ हवा असतो, मुक्काम नको असतो. भयपटाला याहून वेगळं काय लागतं? तरीही आपल्या सिनेमाने फडाकडे पाहिलं ते ‘पिंजरा’च्या (१९७२) मोहासारखं किंवा ‘नटरंग’च्या (२०१०) शोकांतिकेसारखं. ‘नटरंग’मध्ये नाच्या झालेल्या गुणावर होणारा अत्याचार कुठल्याही हडळीपेक्षा भयानक आहे, आणि तिथे भूत नावालाही नाही.

फडावर भयपट करणं म्हणूनच जोखमीचं आहे. घुंगरांची हडळ आणि अंधारात पळणाऱ्या नर्तकी एवढंच त्यातून निघणार असेल, तर न काढलेला बरा. पण कोणी आधी ढोलकीवाल्याचा हात, सोंगाड्याची हजरजबाबी जीभ आणि मालकिणीचा उचलीचा हिशेब नीट उभा केला, पटकथेसाठी निदान अर्धा वग नव्याने रचून घेतला, तर पहिला माणूस पडेल तेव्हा तो कोण होता हे प्रेक्षकाला सांगावं लागणार नाही. चांगल्या मेकअपवाल्यापेक्षा आज मराठी भयपटाला चांगल्या वगलेखकाची गरज जास्त आहे.