राणी का गेली?

‘भातुकलीच्या खेळामधली’ हे गाणं लक्ष देऊन ऐकलं, की एक गोष्ट ध्यानात येते. राणी का गेली, हे त्यात कुठेच सांगितलेलं नाही. राजा विचारतो, तिच्यापाशी उत्तर नाही. घरच्यांचा विरोध नाही, पैशाचं कारण नाही, दुसरं कोणी मध्ये आलेलं नाही. मंगेश पाडगावकरांनी या ताटातुटीला गुन्हेगारच दिला नाही, आणि म्हणून ज्याचं त्याचं दुःख त्यात मावतं.

यशवंत देवांनी चाल बांधताना ही मोकळी जागा जपली. ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तक लिहिणारा हा संगीतकार. इथे सूर शब्दाच्या पुढे पाऊल टाकत नाही. त्यांना गायक मिळाला तो अरुण दाते: इंदूरचा, शिक्षणाने कापड उद्योगातला इंजिनीअर, हळुवार कापऱ्या आवाजाचा. दाते रडत नाहीत. प्रश्न विचारतात आणि सोडून देतात. बावधनला आमच्या सोसायटीच्या गणपतीत हे गाणं कुणीतरी कराओकेवर म्हणतंच. बहुतेक जण रडवेला सूर लावतात, आणि गाणं तिथेच हातातून निसटतं.

ग्रेस यांची ‘ती गेली तेव्हा’ ही कविता याहून अवघड. हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाल दिली, स्वतः गायली, आणि 1989 च्या ‘निवडुंग’ चित्रपटातून ती घरोघरी गेली. ‘ती’ म्हणजे प्रेयसी की आई, यावर रसिक अजून वाद घालतात. माझ्या मते हा वाद मिटूच नये. चाल सोपी नाही, शब्द तर नाहीतच. तरी लोकांनी ते गाणं आपलं मानलं. श्रोत्याला सगळं उलगडून द्यावं लागतं, असं म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर नाही.

संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘नसतेस घरी तू जेव्हा’ या गाण्याने विरहाला थेट घरात आणलं. तिथलं दुःख लहान, रोजचं, आणि म्हणूनच खरं.

पुढे मात्र विरहगीताची तब्येत बिघडत गेली. आजची बहुतेक गाणी व्हिडिओसकट येतात. कुणी फसवलं, कुणाचं लग्न कुणाशी ठरलं, सगळं पडद्यावर दिसतं, आणि शब्दांना काम उरत नाही. वाद्यमेळ इतका दाट, की दोन ओळींमध्ये श्वासालाही जागा नाही. गाणारे गळे तयार आहेत, ध्वनिमुद्रण पूर्वीपेक्षा किती तरी सरस आहे. कमी पडतेय ती न सांगण्याची हिंमत.

ती हिंमत मला दिसली ती, नवल म्हणजे, गाण्याबाहेर. ‘सैराट’ (2016) या चित्रपटात अजय-अतुल यांची चारही गाणी प्रेम फुलण्याची आहेत. त्यांच्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद बसवला गेला. चित्रपटाच्या शेवटी मात्र दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला. सबंध महाराष्ट्राने ती शांतता सोसली. असा श्रोता समोर बसलेला असताना आजच्या कवी-संगीतकारांनी त्याच्यावर इतका कमी विश्वास का टाकावा, हे मला खरोखर उमगत नाही.