क्रांतीचा कौल आणि ‘जर्मनीसाठी आघाडी’

पूर्व जर्मनीतील १९८९ च्या लोकक्रांतीचे मूल्यमापन करताना अभ्यासक बहुधा दोन आकडे शेजारी मांडतात. १८ मार्च १९९० च्या निवडणुकीत ‘जर्मनीसाठी आघाडी’स सुमारे ४८ टक्के मते व ४०० पैकी १९२ जागा मिळाल्या, उलट, क्रांतीस वाट करून देणाऱ्या नागरी गटांच्या ‘आघाडी ९०’ या संयुक्त यादीस अवघी २.९ टक्के मते व १२ जागा मिळाल्या. यावरून क्रांतीचे फळ इतरांनी पळविले, असा निष्कर्ष काढला जातो.

या निष्कर्षात तथ्यांश आहे. ५ फेब्रुवारी १९९० रोजी स्थापन झालेल्या या आघाडीतील सर्वांत मोठा पक्ष, ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन, हा जुन्या राजवटीच्या ‘राष्ट्रीय आघाडी’चा घटक होता. त्या आघाडीची यादी एकच असे. निवड अशी नसेच. नव्या आघाडीतील पक्षांच्या याद्या मात्र स्वतंत्र होत्या. त्यामुळे घटकांचे बळ वेगळे दिसते: या पक्षास ४०.८, जर्मन सोशल युनियनला ६.३ आणि क्रांतीतूनच जन्मलेल्या ‘लोकशाही उत्थान’ पक्षास ०.९ टक्के. त्या पक्षाचे अध्यक्ष वोल्फगांग श्नूर हे गुप्त पोलिसांचे खबरे असल्याचे मतदानापूर्वी काही दिवसच उघड झाले होते.

तथापि, हे मत जुन्या पक्षाच्या पूर्वेतिहासास दिलेले होते, असे मानता येत नाही. मतदारांपुढील प्रश्नच बदलला होता. नागरी गटांना आपल्या राज्याची सुधारणा व सावकाश एकीकरण अभिप्रेत होते. आघाडीने पश्चिम जर्मनीच्या मूलभूत कायद्याच्या २३ व्या कलमान्वये शीघ्र विलीनीकरणाचे व पश्चिमी मार्कचे आश्वासन दिले, आणि तिच्यामागे चॅन्सेलर हेल्मुट कोल उभे होते. ‘आम्हीच जनता’ ही घोषणा रस्त्यांवर त्याआधीच ‘आम्ही एक जनता’ अशी झाली होती. ९३ टक्क्यांहून अधिक मतदान झालेला हा कौल फसवणुकीचा ठरविणे म्हणजे ज्या जनतेच्या नावे क्रांती झाली, तिच्याच विवेकावर अविश्वास दाखविणे होय.

आघाडीवरील खरा आक्षेप वेगळा आहे. गोलमेज परिषदेने सिद्ध केलेला संविधानाचा मसुदा नव्या विधिमंडळाने एप्रिलमध्येच बाजूस सारला. ३ ऑक्टोबर १९९० रोजी राज्यच विलीन झाले. एकीकरणास जनतेची संमती होती; त्याच्या अटींवर पुरेसा विचारविनिमय मात्र झाला नाही. आघाडीच्या यशाची मर्यादा शोधावयाची ती येथे, मतांच्या बेरजेत नव्हे.