बंदिवान लेफ्टनंटाचा भूमध्य समुद्र

फ्रेंच इतिहासकार फर्नांद ब्रॉदेल यांचा भूमध्य समुद्रावरील ग्रंथ १९४९ साली निघाला. तो बंदिवासात केवळ स्मरणावर लिहिला, एवढे सांगून पुष्कळ टीकाकार थांबतात. आम्हांस ही स्तुति अपुरी वाटते. तोफखान्याचे हे लेफ्टनंट १९४० ते १९४५ जर्मनांच्या कैदेत, प्रथम माइन्त्स व पुढे ल्यूबेक येथे, होते हे खरे. परंतु सिमांकासची दप्तरे त्यांनी युद्धापूर्वीच चाळली होती. त्यांच्या लष्करी चाकरीच्या शोधाचे मोल निराळे आहे. रोज पराभवाच्या वार्ता ऐकणाऱ्या कैद्याने घटनांस क्षुद्र लेखून डोंगर, वारे व शतके यांचा आश्रय घ्यावा, यात सिद्धान्त किती नि सांत्वन किती? १९७२ साली त्यांनी हा संबंध स्वतःच मान्य केला. मात्र ग्रंथाच्या तिसऱ्या भागात लढायांना जागा द्यावीच लागली!