गिरणगावापलीकडील घर

कामगारवस्तीचे साहित्य म्हटले की मराठी समीक्षा गिरणगावाशी येऊन थांबते. जयंत पवारांचे ‘अधांतर’ (१९९७) पुन्हा वाचताना आम्हांला मात्र कल्याणनजीकचे, उल्हास नदीकाठचे मोहने आठवत राहिले. १९८२ च्या संपानंतर नाटकातील कुटुंब उद्ध्वस्त होते. पण चाळीतली खोली असते, म्हणूनच त्यांची भांडणे रंगमंचावर मावतात. मोहन्यात घरच कंपनीचे. एन.आर.सी.चा रेयॉन कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि थकलेल्या देण्यांची वाट पाहत अनेक कुटुंबे त्याच वसाहतीत राहिली. नोकरी संपलेल्या माणसाने नोकरीचे घर आपले म्हणावे काय?

संपाच्या चारच महिने आधी, सप्टेंबर १९८१ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या श्रमविषयक परिपत्रकात श्रमाचे मोल श्रमिकाच्या माणूसपणात शोधले होते. आम्ही ते भक्तिभावाने वाचले. आंबिवली स्थानकावर मात्र क्वचितच उतरलो.

पवारांविषयी आमची तक्रार नाही. त्यांनी आपली चाळ चोख ओळखली होती. मोहन्यावरची कादंबरी आमच्या वाचनात नाही. ती लिहिणाऱ्यास चाळीचा सज्जा उपयोगी पडणार नाही. क्वार्टरच्या ताब्याचा कागद आधी वाचावा लागेल.