ग्रंथनामाचा निर्देश : संशोधनलेखनातील एक उपेक्षित शिस्त

प्रस्तावना :
इंग्रजी ग्रंथातील अवतरण देताना मराठी अभ्यासक अवतरणाच्या शब्दशुद्धतेची काळजी घेतात. ग्रंथनामाच्या अचूकतेकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. वस्तुतः ग्रंथनाम हा पुराव्याचाच भाग असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी ग्रंथांबाबत ही बाब प्रकर्षाने जाणवते.

ग्रंथनाम आणि आवृत्ती :
'थॉट्स ऑन पाकिस्तान' या ग्रंथाची प्रस्तावना डिसेंबर १९४० ची आहे. १९४५ च्या दुसऱ्या आवृत्तीत हाच ग्रंथ 'पाकिस्तान ऑर द पार्टिशन ऑफ इंडिया' या नावाने प्रसिद्ध झाला. या आवृत्तीत ग्रंथकाराची स्वतःची मते मांडणारा पाचवा भाग नव्याने जोडला गेला. त्या भागातील अवतरण जुन्या नावाने दिल्यास १९४५ चे मत १९४० चे ठरते. दरम्यानच्या काळात क्रिप्स योजना (१९४२) आणि गांधी-जिना वाटाघाटी (१९४४) घडून गेल्या होत्या. चुकीच्या ग्रंथनामामुळे या घटनांपूर्वीची व नंतरची भूमिका यांतील भेदच पुसला जातो. ही चूक केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही. तिच्यामुळे विचारांचा कालक्रम बिघडतो.

'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) या ग्रंथाच्या १९३७ च्या आवृत्तीत गांधीजींचे आक्षेप व त्यांना दिलेले उत्तर समाविष्ट आहे. आवृत्तीचा उल्लेख नसेल, तर उत्तरातील विधान मूळ भाषणसंहितेतील समजले जाण्याचा संभव असतो.

भाषांतरित नावे आणि चिन्हे :
मूळ इंग्रजी ग्रंथातून अवतरण घेऊन संदर्भात मराठी नाव देण्याची प्रथाही सदोष आहे. त्यामुळे अवतरण मूळ ग्रंथातील की प्रकाशित अनुवादातील, हे वाचकाला कळत नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या नावातील 'धम्म'चा 'धर्म' केल्यास लेखकाने योजिलेली संज्ञाच बदलते. चिन्हांचाही घोटाळा होतो. मराठी मुद्रणात ग्रंथनाम अवतरणचिन्हांत देण्याचा प्रघात आहे. इंग्रजीत मात्र ग्रंथनाम तिरप्या अक्षरांत आणि लेखाचे वा प्रकरणाचे नाव अवतरणचिन्हांत देतात. हा फरक न पाळल्यास इंग्रजी संदर्भसूचीत ग्रंथ हा लेख भासतो.

समारोप :
ग्रंथनाम मुखपृष्ठावरून वा इतरांच्या संदर्भसूचीवरून न घेता प्रत्यक्ष हाताळलेल्या प्रतीच्या शीर्षकपृष्ठावरून घ्यावे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या समग्र वाङ्मयाचा खंड वापरला असल्यास मूळ ग्रंथनामासह खंडक्रमांकही द्यावा. वाचक त्याच पानापर्यंत पोहोचू शकला, तरच अवतरण पुरावा ठरते.