पंढरपूरचा मुसव्विर आणि आपण

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ सालचे चित्र सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरला विकले गेले. आपल्या पैशांत शंभर कोटींच्या वर. त्या दिवशी मोहल्ल्यात, शिक्षकांच्या खोलीत, सगळीकडे आकड्याची चर्चा झाली. चित्रात काय आहे हे मात्र एकानेही विचारले नाही. अमेरिकेत कलेचा बाजार झाला आहे, अशी टीका आपण नेहमी करतो. पण न्यूयॉर्कच्या लिलावात किंमत लागली नसती तर आपल्याला हे चित्र कळलेही नसते, याचे काय करायचे?

‘ग्रामयात्रा’ मी छापील प्रतीतच पाहिले आहे. जवळजवळ चौदा फूट लांब चित्र, त्यात तेरा चौकटी. दळणाऱ्या, दूध काढणाऱ्या बाया, बैलगाडी, लेकरे आणि एका चौकटीत उभा असलेला शेतकरी. दिल्लीत आलेल्या व्होलोदार्स्की नावाच्या डॉक्टरांनी ते घेतले आणि पुढे अनेक वर्षे ते नॉर्वेत ऑस्लोच्या एका रुग्णालयाकडे राहिले. कौतुक या गोष्टीचे वाटते की चित्रकाराने खेडे सजवलेले नाही. रेघ जाड आहे, रंग मातीचे आहेत, कोणीही आपल्याकडे बघून हसत नाही. दुष्काळी मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे खेडे अनोळखी वाटणार नाही.

हुसेन जन्मले १९१५ साली पंढरपुरात. आई जैनब ते तान्हे असतानाच गेली. तिचा चेहरा त्यांना कधी आठवला नाही. त्यांच्या चित्रांत बिनचेहऱ्याच्या बाया येतात आणि नऊवारीचा काठ येतो, तो तिथून. घोड्यांचे मूळ अनेक जण मोहरमच्या दुलदुलमध्ये शोधतात. म्हणजे विठोबाचे गाव आणि ताजियाची मिरवणूक एकाच हातात. मुंबईत त्यांनी सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरले. पुढे सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये ते सामील झाले.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. आणीबाणीत इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात रंगवणे ही मला खुशामत वाटते. अनवाणी फिरण्याच्या बातम्या तर नको इतक्या झाल्या.

त्यांच्यावर काय गुजरले ते वाचकांना ठाऊक आहे. १९९६ साली जुन्या देवीचित्रांवरून वाद पेटवला गेला, अहमदाबादेत त्यांच्या कलाकृतींची नासधूस झाली, १९९८ साली मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द केले, पण तोवर ते देशाबाहेर गेले होते. २०१० साली कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये इंतकाल झाला. पद्मविभूषण मिळालेल्या माणसाला मायभूमीत दोन गज जमीन मिळाली नाही. हा आपल्या लोकशाहीवरचा डाग आहे आणि ते आपण सभांमधून सांगतोही.

पण २००४ साल आपण सांगत नाही. त्या वर्षी त्यांचा ‘मीनाक्षी’ हा सिनेमा आला. त्यातल्या एका कव्वालीत कुरआनमधले शब्द आले म्हणून आपल्याच संघटनांनी हरकत घेतली आणि सिनेमा थिएटरांतून उतरवला गेला. उतरवणारे वेगळे, पण उतरवण्याची रीत तीच. हुसेन यांना बाहेरच्यांनी हाकलले हे खरे आहे. आपण त्यांना आत घेतले होते का, हा प्रश्न मला सतावतो.

याचे उत्तर धर्मात शोधणारे लगेच तसवीर हराम असल्याचे सांगतात. मसला उलेमांचा आहे, त्यात मी पडत नाही. इतिहास मात्र इतका सरळ नाही. अहमदनगरच्या निजामशाहीत सोळाव्या शतकात ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे चित्रमय काव्य सिद्ध झाले. त्याचे हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात राजा आहे, झाडाखाली बाया आहेत, खानजादा हुमायूं राणीही होती. ‘होती’ म्हणते, कारण बऱ्याच चित्रांत तिची आकृती नंतर कोणीतरी झाकून टाकली. काढणाराही आपलाच, पुसणाराही बहुधा जवळचाच.

हे मला वर्गात रोज दिसते. मी मुकुंदवाडीत राहते, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. विषय विज्ञान, पण चित्रकलेचा शिक्षक नसल्याने तो तासही माझ्याकडे. एलिमेंटरी परीक्षेला मुले बसवली. वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. खत्ताती घरात रुजलेली असल्यामुळे अक्षरांवर मुलांचा हात सुंदर बसतो. अडचण आली ती स्मरणचित्राला, कारण तिथे माणसे काढावी लागतात. एका मुलीचे वडील फाटकाशी येऊन अदबीने म्हणाले, “मॅडम, फूल-पत्ते निकालने दो बच्ची को, सूरतां नक्को.” मी नियम सांगितला, गुण बुडतील हेही सांगितले. ते ऐकून घेऊन गेले. रागावले नाहीत, म्हणून मला जास्त वाईट वाटले.

मुलीने ‘आठवडी बाजार’ काढला होता. रविवारच्या जाफर गेटच्या बाजारासारखा, तराजू, शेळ्या, बुरख्यातली एक बाई, कांद्याचे ढीग. रेघ कच्ची होती, पण जिवंत होती. दुसऱ्या दिवशी वही पाहिली. शेळ्या तशाच होत्या. माणसांचे चेहरे खोडरबरने पुसलेले, कागद त्या जागी पातळ झालेला. मी काही बोलले नाही. तिला हुसेन यांच्या बिनचेहऱ्याच्या बायांची छापील चित्रे दाखवली आणि याही एका माणसाने काढल्यात, एवढेच सांगितले. बराच वेळ बघून तिने विचारले, “इनको भी घर से मना किया था क्या, मिस?”