‘आढळते’ आणि ‘मुळे’ : एका वैद्यकीय अनुमानाच्या मराठी मांडणीविषयी

शास्त्रीय लेखन मराठीत आणताना पारिभाषिक संज्ञांची चर्चा पुष्कळ होते. क्रियापदे व शब्दयोगी अव्यये ह्यांची मात्र क्वचितच. वास्तविक एखाद्या अनुमानाचे बळ किती, हे ह्या लहान शब्दांवरूनच वाचकास कळते. शामक औषधे, धूम्रपान व मूत्राशयाचा कर्करोग ह्यांच्या परस्परसंबंधाचे संशोधन हे त्याचे बोलके उदाहरण होय.

मूळ विषय थोडक्यात असा. रंगद्रव्यांच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाच्या गाठी होतात, हे जर्मन शल्यविशारद लुडविग रेन ह्यांनी १८९५ मध्ये नोंदविले. त्या रोगास कारण ठरलेल्या ॲरोमॅटिक अमाइन वर्गातील काही द्रव्ये तंबाखूच्या धुरातही असतात. यकृतात त्यांचे रूपांतर होते व ती मूत्रावाटे मूत्राशयात पोहोचतात. आता फिनोबार्बिटल हे १९१२ पासून प्रचारात असलेले शामक व अपस्मारावरील औषध यकृतातील विकरांची क्रिया वाढविते. मग धुरातील विषाचा निचराही ते त्वरेने करवीत असेल काय? १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात, हे औषध घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांत मूत्राशयाचा कर्करोग अपेक्षेहून कमी आढळला. १९९८ मध्ये हेबल, बुल व फ्रीडमन ह्या अमेरिकी संशोधकांनी बार्बिट्युरेट औषधे व धूम्रपान एकत्र घेऊन हाच प्रश्न तपासला.

‘कमी आढळला’ हे निरीक्षण झाले. ‘औषधामुळे कमी होतो’ असे म्हणताच ते कार्यकारणाचे विधान बनते. दुसरे वाक्य आटोपशीर असल्याने लेखणी सहज तिकडे वळते. परंतु ह्या दोहोंमधील अंतर मोठे आहे. औषध घेणारे व न घेणारे ह्यांच्या सवयी व प्रकृती भिन्न असू शकतात. शिवाय यकृतातील विकरे काही द्रव्ये निरुपद्रवी करतात, तशी काही अधिक घातकही करतात. ह्याच फिनोबार्बिटलला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात घातले, ही गोष्ट विसरता येत नाही.

‘शामक’ ही संज्ञाही तितकीच फसवी आहे. तिच्यात बार्बिट्युरेटे येतात आणि डायझेपाम, अल्प्राझोलाम ही बेन्झोडायझेपिन वर्गातील औषधेही येतात. यकृतातील विकरांना चालना देण्याचा पहिल्या वर्गाचा गुण दुसऱ्यात तसा नाही. म्हणजे एका वर्गावरील निरीक्षण केवळ समान नावाच्या आधारे दुसऱ्यास चिकटविले जाते. ‘धोका’ ह्या शब्दाचेही असेच. संशोधकाच्या लेखी ते समूहाविषयीचे प्रमाण असते. आपल्या बोलीत मात्र धोका एकतर असतो, नाहीतर टळतो. त्यामुळे ‘धोका कमी’ हे ‘धोका टळला’ असे ऐकले जाते.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. महापे येथील औद्योगिक पट्ट्यात रात्रपाळीचे काम चालते. जागे राहण्यासाठी सिगारेट आणि दिवसा झोप यावी म्हणून गोळी, अशी जोडी ज्याच्या खिशात असेल, त्याला ‘शामकांमुळे धोका कमी होतो’ हे वाक्य दोन्ही चालू ठेवण्याची मुभाच देते.

मात्र सावधपणाचाही अतिरेक नको. ‘धूम्रपान व मूत्राशयाचा कर्करोग ह्यांत संबंध आढळतो’ असे लिहिणे आज भित्रेपणाचे ठरेल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यांत ह्या रोगाचे प्रमाण सुमारे चौपट, तर सोडलेल्यांत सुमारे दुप्पट दिसले. धुरातील द्रव्ये ज्ञात आहेत, त्यांचा शरीरातील मार्ग ज्ञात आहे, आणि सवय सुटल्यावर प्रमाण घटते. येथे ‘मुळे’ हा शब्द पुराव्याने मिळविलेला आहे. शामकांच्या बाबतीत तो अद्याप मिळालेला नाही.

तेव्हा मराठीत हे अनुमान असे मांडावे : ‘धूम्रपानामुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो, काही अभ्यासांत बार्बिट्युरेट घेणाऱ्यांत तो कमी आढळला आहे.’ ह्या दोन उपवाक्यांची क्रियापदे वेगळी आहेत. ती तशीच राखणे हे लेखकाचे व भाषांतरकाराचे कर्तव्य होय.